घरच्या वाय-फायचे नाव दिसेना, तर काय करावे?

आता पुष्कळ खेड्यांत काचेची तार आली आहे. ही तार केसासारखी बारीक असते. तिच्यातून उजेड धावतो आणि उजेडाबरोबर निरोप येतो. तार घरात येते आणि एका लहान पेटीत शिरते. या पेटीला राउटर म्हणतात. पेटीपासून लॅपटॉपपर्यंत मात्र तार नसते. तिथे निरोप हवेतून जातो. या बिनतारी जोडणीला वाय-फाय म्हणतात.

प्रत्येक घरच्या वाय-फायला एक नाव असते. लॅपटॉप उघडला की जवळपासच्या नावांची यादी दिसते. त्यातले आपले नाव निवडायचे, पासवर्ड घालायचा, की काम सुरू.

पण एखाद्या दिवशी लॅपटॉप उघडावा, तर यादीत आपले नावच नाही! शेजाऱ्याचे दिसते, आपले दिसत नाही. किंवा कोणाचेच दिसत नाही. मग माणूस गोंधळतो. कोणी पेटीला थापट्या मारतो. कोणाला वाटते, बिल थकले म्हणून कंपनीने लाइन तोडली. कोणी लॅपटॉप उचलून तालुक्याला नेतो आणि दुकानदार सांगेल तेवढे पैसे देऊन येतो.

अशी घाई करू नका. पंप चालेना, तर आपण लगेच मोटर विहिरीतून वर काढतो का? नाही. आधी लाइट आहे का ते बघतो. मग फ्यूज बघतो, मग स्टार्टर. मोटरीला हात सगळ्यांत शेवटी. इथेही तसेच करायचे. आधी दोष कुठे आहे ते शोधायचे. पैसा त्यानंतर.

तीन वेगळी दुखणी

"वाय-फाय चालत नाही," असे आपण सरसकट म्हणतो. पण त्यात तीन वेगवेगळी दुखणी असतात.

पहिले दुखणे – यादीत नावच दिसत नाही.

दुसरे दुखणे – नाव दिसते, पण जोडणी होत नाही. इथे बहुधा पासवर्ड चुकलेला असतो.

तिसरे दुखणे – जोडणी होते, पण काही उघडत नाही. इथे बाहेरून येणारी लाइन बंद असते. तार तुटलेली असेल किंवा बिल थकलेले असेल.

बिल थकले तरी पेटी आपले नाव सांगतच राहते. काचेची तार तुटली तरीही सांगते. तार तुटली तर पेटीवर बहुधा लाल दिवा लागतो. तेव्हा नाव दिसत नसेल, तर बिलाचा किंवा बाहेरच्या तारेचा दोष नव्हे. दोष पेटी आणि लॅपटॉप यांच्या मधेच कुठेतरी आहे. म्हणजे आपल्याच घरात आहे. या पाठात आपण फक्त हे पहिले दुखणे बघणार आहोत.

पेटी दवंडी देते

नाव लॅपटॉपवर येते कसे? त्याचे असे आहे. पूर्वी गावात दवंडी पिटत. दवंडीवाला हलगी वाजवून ओरडे. ज्याच्या कानी पडे त्याला खबर कळे. पेटीही तशीच दवंडी देते. एका सेकंदात सुमारे १० वेळा ती आपले नाव पुकारते. लॅपटॉप कान देऊन ऐकतो आणि ऐकलेली नावे यादीत मांडतो.

ही दवंडी आपल्या कानांना ऐकू येत नाही. ती बिनतारी लाटांची असते. रेडिओचे गाणे ज्या जातीच्या लाटांवर येते, त्याच जातीच्या या लाटा. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशा लाटांचा प्रयोग लोकांना दाखवला होता. त्यांच्या लाटा भिंतींतून पार गेल्या. पलीकडे ठेवलेली घंटा वाजली आणि बंदुकीची दारू पेटली. मधे तार कुठेच नव्हती.

आता विचार करा. दवंडी आपल्या कानी पडली नाही, तर कारणे किती? कारणे चार.

१. दवंडीवाला गप्प आहे.
२. तो ओरडतो आहे, पण आवाज पोचत नाही.
३. ऐकणाऱ्याचे कान बंद आहेत.
४. दवंडी भलत्याच गल्लीत चालली आहे.

नाव न दिसण्याचीही हीच चार कारणे आहेत.

आधी दोन परीक्षा करा

चारांपैकी कारण कोणते, हे कसे ओळखावे? घरात मोबाइल फोन असेलच. फोन म्हणजे दुसरा ऐकणारा. त्याला साक्षीला बोलवा.

पहिली परीक्षा – फोन लॅपटॉपच्या शेजारी धरा. फोनवर वाय-फायच्या नावांची यादी उघडा. घरचे नाव दिसते का ते बघा.

दुसरी परीक्षा – आता फोनलाच दवंडी द्यायला लावा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट असते, ते चालू करा. तिथे २.४ आणि ५ असे दोन पर्याय असले, तर २.४ निवडा. मग लॅपटॉपच्या यादीत फोनचे नाव येते का ते बघा.

निकाल असा लावायचा –

फोनलाही घरचे नाव दिसत नाही. मग लॅपटॉपचा दोष नाही. पेटीकडे जा. कारण पहिले किंवा दुसरे.

फोनला घरचे नाव दिसते, पण लॅपटॉपला कोणाचेच नाव दिसत नाही, फोनचेही नाही. मग लॅपटॉपचे कान बंद आहेत. कारण तिसरे.

फोनला घरचे नाव दिसते. लॅपटॉपला फोनचे नाव दिसते, घरचे तेवढे दिसत नाही. मग दोघेही धडधाकट आहेत. दवंडी भलत्या गल्लीत आहे. कारण चौथे.

या दोन परीक्षांना पाच मिनिटे लागतात. खर्च काही नाही.

कारण पहिले : पेटी गप्प आहे

पेटीवर दिवे असतात. एकही दिवा नसेल, तर वीज पोचत नाही. प्लग आणि बटण बघा. दिवे असतील, तर वाय-फायचा दिवा शोधा. बऱ्याच पेट्यांच्या कडेला वाय-फायचे वेगळे बटण असते. साफसफाई करताना किंवा लहान मुलाच्या हातून ते दाबले जाते. मग पेटी चालू राहते, पण दवंडी थांबते. ते बटण पुन्हा दाबा.

तरीही नाव आले नाही, तर पेटीची वीज बंद करा. एक मिनिट थांबा. पुन्हा चालू करा. पेटीला जागे व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात. तेवढा धीर धरा.

पेटीला सुईएवढे एक भोकही असते. त्यात काडी किंवा टाचणी घालू नका! आत दाबले तर पेटीतली सगळी मांडणी पुसली जाते. मग कंपनीचा माणूस येईपर्यंत घरातले सगळेच बंद.

आणखी एक गोष्ट. काही पेट्यांत नाव लपवायची सोय असते. मग पेटी पुकारते, पण नाव सांगत नाही. अशा वेळी लॅपटॉपवर नाव हाताने लिहून जोडावे लागते.

कारण दुसरे : आवाज पोचत नाही

या लाटा विटांच्या साध्या भिंतीतून जातात, पण दमतात. जाड दगडी भिंतीत फार दमतात. लोखंड आणि पत्रा यांच्यापुढे तर त्यांचे काही चालत नाही. म्हणून पेटी लोखंडी कपाटात ठेवू नका. धान्याच्या कोठीमागे ठेवू नका. घराच्या मधोमध, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, उघड्यावर ठेवा.

परीक्षा सोपी आहे. लॅपटॉप घेऊन पेटीजवळ जाऊन बसा. तिथे नाव दिसले, तर दोष अंतराचा आणि भिंतीचा. लॅपटॉप ठीक, पेटीही ठीक. फक्त जागा बदला.

कारण तिसरे : लॅपटॉपचे कान बंद आहेत

हे पायरीपायरीने बघा. एका पायरीवर काम झाले, तर पुढची पायरी चढू नका.

पहिली पायरी – पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात वाय-फायचे चित्र असते. त्यावर टिचका मारा. एक चौकट उघडेल. त्यात विमानाचे चित्र दिसेल. विमान चालू असेल, तर लॅपटॉपच्या सगळ्या बिनतारी लाटा बंद असतात. विमान बंद करा. वाय-फायचा चौकोन चालू करा.

दुसरी पायरी – कळांची सर्वांत वरची ओळ बघा. एखाद्या कळीवर विमानाचे किंवा मनोऱ्याचे चित्र असते. चुकून तीच दाबली गेलेली असते. काही लॅपटॉपवर तिच्याबरोबर 'एफएन' नावाची कळही दाबावी लागते. जुन्या लॅपटॉपच्या कडेला सरकवायचा छोटा खटकाही असतो. तोही बघा.

तिसरी पायरी – लॅपटॉप 'रीस्टार्ट' करा. नुसता बंद करून चालू करणे वेगळे. विंडोजचे बरेच लॅपटॉप बंद केले तरी पुरते बंद होत नाहीत, अर्धवट झोपतात. 'रीस्टार्ट' केल्यावर सगळे नव्याने सुरू होते.

चौथी पायरी – 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. त्यात लॅपटॉपच्या सगळ्या अवयवांची यादी असते. इंग्रजी वाचणारे कोणी जवळ घ्या. यादीत 'नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स' शोधा. त्याखाली वाय-फायच्या भागाचे नाव असते. नावाशेजारी खाली वळलेला बाण असेल, तर तो भाग बंद ठेवलेला आहे. तो 'एनेबल' करा. पिवळा त्रिकोण असेल, तर ड्रायव्हर बिघडला आहे. ड्रायव्हर म्हणजे त्या भागाला चालवणारा हुकूम. तो भाग 'अनइन्स्टॉल' करा. तेव्हा ड्रायव्हरही पुसू का, असे विचारणारी चौकट येते. तिथे खूण करू नका. मग लॅपटॉप 'रीस्टार्ट' करा. बहुधा ड्रायव्हर आपोआप पुन्हा बसतो.

त्या यादीत वाय-फायचे नावच नसेल, आणि दोनदा रीस्टार्ट करूनही येत नसेल, तर आतला भाग सैल झाला असेल किंवा जळला असेल. आता दुरुस्तीवाल्याकडे जायला हरकत नाही. पण जाताना आपण काय काय तपासले ते त्याला सांगा. जाणत्या गिऱ्हाइकाला फसवणे सोपे नसते. लॅपटॉप जुना असेल, तर तो उघडायचीही गरज नाही. यूएसबीच्या खाचेत बसणारा वाय-फायचा छोटा तुकडा मिळतो. काही शे रुपयांत काम होते.

कारण चौथे : दवंडी भलत्या गल्लीत

हे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून नीट वाचा.

घरातल्या पेट्या बहुधा दोन पट्ट्यांवर बोलतात. एक २.४ ची आणि दुसरी ५ ची. हे माप गिगाहर्ट्झचे. २.४ च्या पट्टीत एक लाट सुमारे १२ सेंटिमीटर लांब असते, म्हणजे अर्ध्या वितीएवढी. ती दूरवर जाते आणि भिंतीतूनही बरी जाते. ५ च्या पट्टीची लाट तिच्या निम्म्याहून थोडी कमी. ती वेगाने काम करते, पण भिंतीपुढे लवकर दमते. काही जुन्या लॅपटॉपना फक्त २.४ ची पट्टी ऐकू येते. पेटी नुसत्या ५ वर बोलू लागली, तर अशा लॅपटॉपला काहीच दिसणार नाही.

शिवाय २.४ च्या पट्टीत आपल्या देशात १३ गल्ल्या आहेत. त्यांना चॅनेल म्हणतात. अमेरिकेत ११ च वापरतात. तिकडच्या बाजारासाठी बनवलेले बरेच लॅपटॉप ११ पर्यंतच ऐकतात. पेटी १२ किंवा १३ वर गेली, की त्यांना ती सापडत नाही.

पेटी गल्ली बदलते कशाला? पूर्वी साध्या रेडिओलाही परवाना लागत असे. २.४ च्या या पट्टीला मात्र सरकारने २००५ साली परवान्यातून सूट दिली. त्यामुळे घरोघरी पेट्या आल्या, आणि एकाच गल्लीत गर्दी झाली. गर्दी टाळायला पुष्कळ पेट्या रिकामी गल्ली आपणच शोधतात. वीज जाऊन परत आली, की पुन्हा शोधतात. म्हणून काल दिसणारे नाव आज दिसत नाही.

एका घरी असेच झाले. मुलगी बारावी पास झालेली. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत त्याच रात्री बाराला संपणार होती. संध्याकाळी तिने मामाने दिलेला जुना लॅपटॉप उघडला.

"आबा, वाय-फायचं नावच दिसत न्हाई!"

"बिल तर भरलंय आपण. पेटीवर लाल दिवा लागलाय का?"

"न्हाई. समदे हिरवे हायेत. फोनवर नाव बी दिसतंय."

आई म्हणाली, "मग लॅपटॉपच बिघडला म्हणायचा. उद्या तालुक्याला धाडू."

"उद्या धाडून काय उपयोग, आई? मुदत आज संपतीया."

आबा म्हणाले, "थांबा. पोरीचं काम आधी. दुरुस्ती मागनं करू. फोन त्येला तारंनं जोडता येतो न्हवं?"

मुलीने चार्जिंगच्या तारेने फोन लॅपटॉपला जोडला. फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू केले. फोन घरच्या वाय-फायवर होताच. तेच इंटरनेट तारेतून लॅपटॉपला मिळाले. नऊ वाजता अर्ज गेला. तिने पोचपावती जपून ठेवली.

मग ती शोधाला बसली. लॅपटॉपला शेजारची दोन नावे दिसत होती. फोनचे हॉटस्पॉटही दिसले. म्हणजे कान ठीक. पेटीच्या पाठीवर चिठ्ठी होती. तिच्यावर पेटीचा आकडी पत्ता आणि आतला पासवर्ड छापलेला होता. फोनवर तो पत्ता टाकून तिने पेटीचे पान उघडले. चॅनेल होता १३. आदल्या रात्री वीज गेली होती, तेव्हा पेटी तिकडे सरकली होती. तिने 'ऑटो' काढून ६ लावला. दोन मिनिटांत घरचे नाव यादीत आले.

आबांनी विचारले, "म्हंजी यंत्र बिघडलंच न्हवतं?"

"न्हाई आबा. पेटी तेराव्या गल्लीत गेली हुती. आन् ह्यो लॅपटॉप अकराच गल्ल्या वळखतो."

चॅनेल बदलायचा झाला, तर १, ६ किंवा ११ यांपैकी एक लावा. हे तीन एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

जपून राहा

नाव दिसत नाही म्हणून पेटीचा पासवर्ड काढून टाकू नका. त्याने नाव दिसू लागत नाही. उलट घर मात्र उघडे पडते.

फोनवरून कोणी म्हणेल, "मी कंपनीतून बोलतोय. लॅपटॉपमध्ये अमुक ॲप टाका, मी इथूनच दुरुस्त करतो." टाकू नका. अशा ॲपमधून परका माणूस आपल्या बँकेच्या खात्यापर्यंत पोचतो. मदत हवी असेल, तर बिलावर छापलेल्या नंबरावर आपण स्वतः फोन करा. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या नंबरावर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

ध्यानात ठेवा

काम निकडीचे असेल, तर आधी फोन तारेने जोडून काम उरका.
मग फोनच्या साक्षीने दोन परीक्षा करा.
एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलल्यावर यादी पुन्हा बघा.
काय बदलले ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी ते उपयोगी पडते.

प्रश्न

१. बिल थकले तर वाय-फायचे नाव दिसेनासे होते का?
२. नाव न दिसण्याची चार कारणे कोणती?
३. फोनला घरचे नाव दिसते आणि लॅपटॉपला कोणाचेच नाव दिसत नाही. दोष कुठे असेल?
४. वीज जाऊन आल्यावर घरचे नाव कधी कधी दिसेनासे का होते?
५. मुलीने आधी अर्ज का भरला आणि दुरुस्ती मागून का केली?

करून पाहा

आपल्या घरची पेटी कुठे ठेवली आहे ते बघा. तिच्यावर किती दिवे आहेत ते मोजा. कोणता दिवा कशाचा आहे ते विचारून वहीत लिहा. सगळे ठीक चाललेले असतानाच हे लिहून ठेवा. म्हणजे बिघाड झाला, की कोणता दिवा बदलला ते लगेच कळेल.